‘प्यून’ हा शब्द अमेरिकेत का खटकतो?

माझी मुलगी इथे न्यू जर्सीत सातवीत शिकते. शाळेत आजोबांविषयी लिहायचं होतं. माझे वडील साताऱ्याच्या एका कचेरीत एकतीस वर्षं शिपाई होते आणि त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर इंग्रजीत हुद्दा ‘प्यून’ असाच टाइप केलेला आहे. मुलीने तोच लिहिला. बाईंनी शब्दाखाली रेघ मारून विचारलं, आजोबांना कुणी असं हिणवायचं का? घरी येऊन पोरगी मला म्हणते, “आई, आजोबांचं काम वाईट होतं का?” कोश उघडला तर मूळ शब्द स्पॅनिश, आणि अर्थ काय, तर कर्जापायी बांधलेला मजूर, कुणीही राबवून घ्यावा असा माणूस. हा शब्द आपल्या कचेऱ्यांत आला कुठून? आणि आता मी तिला काय लिहायला सांगू?

*प्रतिसाद १*

ताई, शब्द एकच आहे, पण तो इंग्रजीत दोन वाटांनी आला. तुमच्या वडिलांचा ‘प्यून’ पोर्तुगिजांकडून आला आणि त्या बाईंच्या मनातला मेक्सिकोकडून.

मूळ लॅटिन. ‘पेस’ म्हणजे पाय, त्यावरून ‘पेदो’ म्हणजे पायी लढणारा. त्याचं स्पॅनिशमध्ये ‘पेओन’ झालं आणि पोर्तुगिजात ‘प्यांव’च्या जवळ जाणारा उच्चार झाला. बुद्धिबळातल्या प्याद्यालाही दोन्ही भाषांत हेच नाव आहे, इंग्रजीतलं ‘पॉन’ही त्याच मुळाचं. आपलं ‘प्यादं’ मात्र फारसी ‘पियादा’वरून आलेलं. ‘प्यून’ हा ‘प्याद्या’चा अपभ्रंश असं कुणी सांगितलं तर मानू नका. 1886 सालच्या हॉब्सन-जॉब्सन कोशानेच ते खोडून काढलंय. पण फार मागे गेलं की लॅटिन ‘पेस’, फारसी ‘पियादा’ आणि संस्कृत ‘पद’, ‘पदाति’ एकाच मुळाशी जातात. आपला ‘पाईक’सुद्धा त्याच घरचा.

हिंदुस्थानात ‘प्यून’ आधी पायदळातला सैनिक होता, मग बरोबर चालणारा रखवालदार, मग निरोप्या. ‘शिपाई’ शब्दाचंही हेच झालं. फारसीत ‘सिपाह’ म्हणजे फौज. आज मराठीत शिपाई सीमेवरही असतो आणि साहेबांच्या केबिनबाहेरच्या स्टुलावरही. मुंबई इलाख्यात त्यालाच पट्टेवाला म्हणत, छातीवरून आडव्या गेलेल्या पट्ट्यामुळे.

आता दुसरी वाट. स्पॅनिश अमेरिकेत पेओन म्हणजे जमीनदाराच्या मळ्यावरचा मजूर. मेक्सिकोत हा मजूर धन्याकडून आगाऊ पैसे घ्यायचा आणि ते फिटेपर्यंत मळा सोडू शकायचा नाही. 1848 साली न्यू मेक्सिको अमेरिकेकडे आलं, तेव्हा ही पद्धतही सोबत आली. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली तरी ही उरली होती, म्हणून 1867 साली तिच्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. त्यानंतरही दक्षिणेत काळ्या मजुरांना कर्जाच्या नावाखाली जुंपणं चालूच राहिलं. अलाबामात आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा कायदा होता, तो सुप्रीम कोर्टाने 1911 साली रद्द केला. एवढा इतिहास त्या शब्दाला चिकटलाय. त्यामुळे तुमच्या मुलीच्या बाई चुकल्या असं मी म्हणणार नाही.

उच्चारातही फरक पडतो. आपण ‘प्यून’ म्हणतो, ते ‘पी-ऑन’ म्हणतात. लिहिलं की मात्र दोन्ही एक, आणि सगळा घोटाळा तिथेच.

*प्रतिसाद २*

मी स्पॅनिशमधून मराठीत भाषांतरं करते, म्हणून थोडी भर. मळ्यावरच्या ‘पेओन’साठी ‘शिपाई’ लिहिलेलं मी वाचलंय आणि मला फार वाईट वाटलं, कारण मराठीत त्याहून नेमका शब्द आहे: सालगडी. पाडव्याला साल ठरवायचं, उचल घ्यायची आणि वर्षभर मालकाच्या शेतावर राबायचं. उचल फिटली नाही की पुढचं साल त्याच वाड्यावर. कर्जात कायमचा अडकलेला दाखवायचा असेल तर ‘वेठबिगार’ लिहावं.

स्पॅनिशमध्ये हा शब्द शिवी नाही, हेही सांगते. गवंड्याच्या हाताखालचा बिगारी तोही पेओनच. अर्जेंटिनात 1944 साली शेतमजुरांची मजुरी, सुट्टी, राहण्याची सोय यांचे नियम झाले, त्यांच्या नावातच ‘पेओन’ आहे.

*प्रतिसाद १*

सालगडी अगदी बरोबर. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं राहिलं. अमेरिकन वाचकासाठी ‘ऑफिस अटेंडंट’ किंवा ‘मेसेंजर’ लिहावं. आपल्या केंद्र सरकारनेही सहाव्या वेतन आयोगानंतर हे पद ‘मल्टी टास्किंग स्टाफ’मध्ये घातलं. पण माझं मत विचाराल तर मुलीने ‘प्यून’ खोडू नये, पुढे एक वाक्य जोडावं. आजोबा दिवसभर नक्की काय करायचे?

*मूळ प्रश्नकर्ती*

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री आईला फोन लावला. बाबांची जुनी प्यून बुकं तिने अजून ठेवली आहेत. ज्यांना कचेरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: पत्र हातोहात पोचवायचं, घेणाऱ्याची त्या वहीत सही आणि तारीख घ्यायची. पत्र पोचलं याचा पुरावा तोच. आईने एका पानाचा फोटो पाठवला. लाल रेघांचे रकाने, डावीकडे बाबांचं ठसठशीत बाळबोध अक्षर, उजवीकडे कलेक्टर कचेरीपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सगळ्यांच्या सह्या. एका दिवसात चौदा. शेवटच्या रकान्यात एके ठिकाणी त्यांनी लिहिलंय, “पावसामुळे उशीर. कागद कोरडा.”

मुलीने ‘प्यून’ तसाच ठेवलाय. खाली तो फोटो चिकटवलाय, आणि त्या चार शब्दांचं इंग्रजी तिचं तिनेच केलंय.