बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी येतेच कशी? जीन संपला का?

पराटी_यवतमाळ
नमस्कार मंडळी, आमची कोरडवाहू शेती आहे, चार एकर कपाशी. काल बाबांसोबत वावरात गेलो होतो, बोंडं बाहेरून एकदम मस्त हिरवीगार, छिद्र नाही डाग नाही, पण बाबा म्हणाले फोडून पाहू म्हणून वेगवेगळ्या झाडांची वीस बोंडं तोडून फोडली तर आठात अळी निघाली. एका बोंडात तर दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, नखानं सोडवल्या तर मधात अळी मुटकुळं करून बसलेली. बियाणं बीजी-२ चं आहे, पाकीट जपून ठेवलंय. बाबा म्हणतात पहिल्या पहिल्या वर्षात बीटीत अळी शोधून सापडायची नाही. मग आता काय झालं, त्यातला जीन मेला का? की बियाणंच बोगस? आमच्या गावचा दुकानदार म्हणे पुढच्या साली "बीजी-४" घ्या, त्यात काहीच येत नाही. मी बीएस्सीला आहे पण बॉटनी नाही, त्यामुळे जरा सोप्या भाषेत सांगा.

काळीमाय
भाऊ, बीजी-४ वगैरे काही मंजूर नाही देशात. आपल्याकडे बीटी २००२ ला आलं एका जीनचं, मग २००६ पासून दोन जीनचं बीजी-२, त्यापुढं अळीसाठी काहीच मंजूर नाही. ते बिनपावतीचं असेल तर हातच लावू नका, उद्या उगवलं नाही तर भांडायला कागद नाही तुमच्याकडं.
माझं मत स्पष्टच सांगतो, या बीटीनंच वाटोळं केलं आमचं. २०१७ ला माझ्या परभणीतल्या शेतात तिसऱ्या वेचणीला नुसती कवडी, म्हणजे किडका डागाळलेला कापूस, मजूर वेचायला तयार नाही. अन त्याच साली तुमच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विसरायचं कसं?

ऊतीसंवर्धन
पराटी दादा, मी वनस्पतींच्या जनुकांवर लॅबमध्ये काम करते, माहेर वर्ध्याकडचं, कापूस घरचाच. जीन मेलेला नाही. तो मातीतल्या एका जिवाणूचा जीन आहे, झाडात त्याच्यामुळे एक प्रथिन बनतं, अळीनं ते खाल्लं की तिच्या आतड्याला चिकटून भोकं पाडतं आणि अळी मरते. तुमच्या पराटीत, म्हणजे कपाशीच्या झाडात, ते प्रथिन आजही बनतंय, म्हणून तर हिरवी अमेरिकन बोंडअळी अजून बऱ्यापैकी आटोक्यात आहे. बदललीय ती गुलाबी अळी. ते प्रथिन आतड्यात जिथं चिकटतं ती जागाच तिच्यात बदलली, चिकटलंच नाही तर मरणार कशी? पहिल्या जीनला ती दाद देत नाही हे २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांतून जाहीर झालं आणि पुढच्या पाच-सात वर्षांत दुसराही जीन गेला.

आता हे आपल्याकडंच इतकं लवकर का झालं, ते नीट वाचा कारण हे कुणी सांगत नाही. आपण जीन घातला हायब्रीडमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरात. हायब्रीडच्या आईबापातल्या बहुतेक एकाकडंच बीटी असतं. झाड पूर्ण बीटी, पान पाती सगळं बीटी, पण बोंडातली सरकी ही त्या झाडाची पुढची पिढी ना, तिच्यात वाटणी होते. दोन जीन धरले तर सोळा सरक्यांतल्या साधारण नऊ सरक्यांत दोन्ही जीन, सहांत एकच, आणि एका सरकीत काहीच नाही. आणि गुलाबी अळी खाते काय? सरकीच. म्हणजे एकाच बोंडात तिला विष, अर्धं विष आणि बिनविषाचा घास असं सगळं मिळतं, जी थोडी दणकट ती जगते आणि तिचीच पिल्लं पुढं वाढतात. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सरळ वाणात बीटी आहे, तिथं सगळ्या सरक्या सारख्या. अमेरिकेनं तर बीटी, नपुंसक केलेले पतंग सोडणं आणि पराटी वेळेत काढणं असं सगळं मिळून २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. तोच जीन होता, दादा. मला याचं खूप वाईट वाटतं, कारण जीन चांगला होता आणि आपण तो चुकीच्या घरात दिला.

काळीमाय
ताई हे सोळाचं गणित पहिल्यांदाच कळलं, खरं सांगतो. पण मग आमचीही चूक मान्य करतो. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत ते १२० ग्रॅमचं साधं नॉन-बीटी बियाणं यायचं ना, कडेनं लावा म्हणून, ते आमच्या गावात कुणीच लावलं नाही. आम्हाला वाटायचं फुकटचं दिलंय, हलकं असेल. त्यावर वाढलेल्या साध्या अळ्यांचे पतंग दणकट पतंगांशी जोडी जमवतील, म्हणजे पिल्लं पुन्हा बीटीनं मरणारी निपजतील, म्हणून ते होतं हे दुकानदारानंही कधी सांगितलं नाही. आता पाकिटातच मिसळून येतं म्हणे.
अन दुसरी चूक फरदड. डिसेंबरला पाणी असलं की मार्चपर्यंत पराटी उभी, अळीला बारा महिने ताट वाढलेलं.

पराटी_यवतमाळ
बापरे, त्या चिकटलेल्या सरक्या म्हणजे अळीची झोपायची जागाच का मग? आता एक शेवटचं, २०२५ मध्ये तो जीन एडिटिंगचा तांदूळ आला ना हैदराबादचा, तसं कापसात करून अळी नाही का मारता येणार?

ऊतीसंवर्धन
हो, त्यातच ती सुप्तावस्थेत पुढचा हंगाम गाठते, म्हणून ती सरकी आणि जिनिंगचा कचरा इकडेतिकडे पडू द्यायचा नाही.
एडिटिंगचं असं आहे, तांदळात बाहेरून जीन आणला नाही, सांबा मसुरीतला स्वतःचाच एक जीन थोडा बिघडवला, तो दाणे वाढवणारं संप्रेरक मोडायचा, आता कमी मोडतो म्हणून लोंबीत दाणे जास्त आणि पीकही साधारण वीस दिवस लवकर. अशा बदलाला २०२२ पासून जीएमच्या, म्हणजे बाहेरचा जीन घातलेल्या पिकांच्या, नियमांतून बरीच सूट आहे. पण अळीचं विष कपाशीच्या स्वतःच्या जीनमध्ये नाहीच, ते बाहेरूनच आणावं लागतं, म्हणजे पुन्हा जीएमच. एडिटिंगनं मला कापसात वेगळंच हवंय, १४०-१५० दिवसांत एकदम फुटणारं, बुटकं, सरळ वाण, म्हणजे अळी जोरात यायच्या आत कापूस घरात.
सोपं मात्र नाही. कपाशीत प्रत्येक जीनच्या दोन घराण्यांच्या प्रती असतात, एक बदलून भागत नाही. आणि ऊतीपासून रोप उगवायला फक्त मोजकी वाणं तयार होतात, मुख्य म्हणजे कोकर ३१२ नावाचं अमेरिकन. आपली वाणं बाटलीत नुसता पिवळट गोळा करून बसतात, मी महिनोन्महिने बघितलेत ते गोळे, एक दिवस तपकिरी पडतात आणि संपलं. म्हणून कोकरमध्ये बदल करून मग आपल्या वाणाशी संकर करत बसायचं, त्यात वर्षं जातात.
तुमचं आत्ताचं सांगते. वीसात दोन बोंडांत अळी दिसली की फवारणीची वेळ झाली असं धरतात, तुमची आठ आहेत, म्हणजे उशीर झालाय. अळी बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, उगाच कडक औषधं मिसळून मारू नका, तुमच्या विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. पुढच्या वर्षी मेमध्ये लावण नको, आणि एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन दिवस आले की हलायचं. डोमकळी दिसली की तोडून नष्ट करा, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल असतं ते.

पराटी_यवतमाळ
ताई, काका, दोघांचेही आभार. सगळं बाबांना वाचून दाखवलं, सोळा सरक्यांचं दोनदा वाचायला लावलं. म्हणाले फूट होईल तेवढा कापूस वेचून घेऊ, फरदड यंदा नाही, डिसेंबर संपला की मेंढरं बसवू वावरात. मेंढपाळाला आजच फोन केला.