शब्दचर्चा : लेंटमधल्या रविवारच्या उपासनेचे मराठी शब्द

मूळ प्रश्न

एका प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांमधला एक पंथ) मंडळीच्या लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरच्या (पुनरुत्थान दिनाच्या) आधीच्या काळातल्या, रविवारच्या उपासनेचं पत्रक मराठीत आणायचं काम हाती आहे. पत्रक प्रत्येकाच्या हातात असतं आणि त्यातली बरीच वाक्यं सगळ्यांनी एका सुरात मोठ्यानं म्हणायची असतात. म्हणजे शब्द अर्थाला धरून हवा आणि तोंडात बसणाराही हवा. मला अडलंय ते असं : 'लेंट'ला 'उपवासकाळ' म्हणावं की 'प्रायश्चित्तकाळ'? सुरुवातीच्या पापकबुलीच्या प्रार्थनेला काय म्हणावं, आणि तिच्यानंतर पाळक जे क्षमेचं वचन उच्चारतात त्याला काय? 'पश्चात्ताप' पुरेसा आहे का? आणखीही किरकोळ शब्द आहेत, ते ओघात विचारीन.

प्रतिसाद

'उपवासकाळ' घ्या, कोणालाही लगेच कळेल. जर्मन लोक 'फास्टनत्साइट' म्हणतात, त्याचा अर्थ उपवासाचा काळ असाच आहे. ग्रीक आणि लॅटिन नावं चाळीस या आकड्यावरून, म्हणजे लेंटच्या चाळीस दिवसांवरून, आली आहेत. इंग्रजीतल्या 'लेंट'चा मूळ अर्थ तर नुसता वसंत ऋतू. मराठी वाचकाला वसंत ऋतूशी काय करायचंय?

प्रतिसाद

वरच्या मताशी मी सहमत नाही, आणि कारण जरा विस्तारानं सांगावं लागेल, कारण हा प्रश्न नुसत्या भाषेचा नाही. जर्मनमध्येच बघा : 'फास्टनत्साइट'च्या जोडीला 'पासिओन्सत्साइट' हाही शब्द आहे, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा काळ. प्रॉटेस्टंट मंडळींची ओढ या दुसऱ्या शब्दाकडे राहिली आहे. त्यामागे मोठा इतिहास आहे.

प्रेस्बिटेरियन परंपरा ज्या स्विस धर्मसुधारणेतून आली, तिची ठिणगीच लेंटमधल्या जेवणावरून पडली. 1522 साली झुरिकमध्ये फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी लेंट चालू असताना सॉसेज खाल्ले गेले. तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली तिथे हजर होता. त्यानं स्वतः खाल्लं नाही, पण पुढे प्रवचनातून त्या लोकांची बाजू घेतली : काय खावं, कधी खाऊ नये, हे शास्त्रानं मोकळं ठेवलंय, ते माणसांनी बंधनकारक करू नये. दुसरा मोठा धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्यानंही लेंटच्या सक्तीच्या उपवासावर कडक टीका केली. त्याचं म्हणणं असं की ख्रिस्तानं अरण्यात चाळीस दिवस उपवास केला तो एकदाच, आपल्या सेवेच्या आरंभी; दरवर्षी त्याची नक्कल करावी असा धडा तो घालून देत नव्हता.

स्कॉटलंडमध्ये 1560 पासून सुधारलेल्या मंडळीनं सणवार बाजूला सारले. राजा सहाव्या जेम्सनं 1618 मध्ये पर्थच्या पाच कलमांनी काही सण आणि गुडघे टेकून प्रभुभोजन घेण्याची रीत पुन्हा लादली, आणि 1638 च्या ग्लासगोच्या महासभेनं ती कलमं धिक्कारली. 1645 च्या वेस्टमिन्स्टरच्या उपासना-निर्देशिकेत तर स्पष्टच लिहिलंय की शास्त्रानं पवित्र पाळायला सांगितलेला दिवस एकच, प्रभूचा दिवस, म्हणजे रविवार.

पण याचा अर्थ त्यांनी उपवास टाकला असा कोणी काढू नये. त्याच निर्देशिकेत सार्वजनिक उपवासाच्या दिवसावर स्वतंत्र प्रकरण आहे. संकट आलं, मंडळीवर मोठा प्रसंग आला, की दिवस ठरवून सगळ्यांनी मिळून उपवास करायचा. स्कॉटलंडमध्ये प्रभुभोजनाच्या रविवाराआधीचा गुरुवार कित्येक पिढ्या उपवासाचा म्हणून पाळला गेला. नकार उपवासाला नव्हता. पंचांगातून आपोआप येणाऱ्या आणि सक्तीनं करायला लावणाऱ्या उपवासाला होता. 'उपवासकाळ' हे नाव दिलं की नेमकी तीच सक्ती शब्दातून परत आत शिरते.

बहुतेक प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत लेंट परत आलं ते विसाव्या शतकात, उपासनेच्या पुस्तकांमधून, हळूहळू. 1993 च्या अमेरिकी उपासना-ग्रंथात राखेच्या बुधवारची, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसाची, पूर्ण उपासना आहे, कपाळाला राख लावण्यासह. काही जुन्या वळणाच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या आजही लेंट पाळत नाहीत. जिथे परत आलं तिथे ते सक्ती म्हणून आलं नाही. पुनरुत्थान दिनाची तयारी म्हणून आलं : आत्मपरीक्षण, शास्त्रवाचन, प्रार्थना, गरजूंसाठी दान. त्यात ज्याला उपवास करायचाय त्यानं करावा.

आता 'प्रायश्चित्तकाळ'. तो तर अजिबात नको. प्रायश्चित्त म्हणजे पापाची भरपाई करणारं कृत्य. मराठी बायबलात 1 योहान 2:2 मध्ये हा शब्द कोणासाठी आलाय पाहा : ख्रिस्तच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. जी मंडळी हे मानते तिनं आपल्या चाळीस दिवसांना 'प्रायश्चित्त' म्हणायचं म्हणजे जे एकदाच आणि कायमचं झालंय ते पुन्हा स्वतःच्या डोक्यावर घ्यायचं. रुचीचा प्रश्न असता तर मी एवढा आग्रह धरला नसता.

माझं मत : 'लेंट' देवनागरीत तसाच ठेवा, लांबवायचाच तर 'लेंटकाळ'. पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ द्या, 'पुनरुत्थान दिनाच्या तयारीचा काळ'. पुढे कुठेही समजावायची गरज पडणार नाही.

मूळ प्रश्न विचारणारी

मनापासून आभार. सक्ती आणि उपवास यांतला फरक माझ्या लक्षात आला नव्हता. मग 'लेंटचा चौथा रविवार' असं लिहू ना?

प्रतिसाद

ताई, 'लेंटमधला चौथा रविवार' लिहा. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर 46 दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. रविवार वगळायचे कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. म्हणजे रविवार लेंटच्या दिवसांत येतो, पण लेंटच्या हिशेबात धरला जात नाही. 'चा' लावला की रविवार लेंटच्या मालकीचा होतो, 'मधला'मध्ये तो फक्त तिथे असतो. मराठीत हा फरक एका प्रत्ययात सांगता येतो, तर सांगावा.

आणि पाळकांच्या प्रार्थनांतही हे जपा. लेंटमधल्या रविवारचा सूर गंभीर असतो, वेदीवजा मेजावर जांभळं वस्त्र असतं, पण तो शोकाचा दिवस नव्हे. भाषांतरात 'दुःख', 'विलाप', 'शोक' यांची गर्दी होऊ देऊ नका.

प्रतिसाद

'राखेचा बुधवार' हा शब्द वर कोणीतरी वापरलाय, तो मला आवडला. 'भस्म बुधवार'ही ऐकलाय. पण भस्म म्हटलं की मराठी मनात अंगाला फासायच्या विभूतीचं पावित्र्य येतं. इथली राख मर्त्यपणाची आणि पश्चात्तापाची खूण आहे, आधीच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वापरलेल्या झावळ्या जाळून केलेली. राखच बरी.

प्रतिसाद

पापकबुलीबद्दल. 'कबुली'त मला पोलीस चौकी ऐकू येते, कबुलीजबाब. 'पापस्वीकार'नं कॅथलिक संस्काराचा, धर्मगुरूजवळ एकट्यानं करायच्या निवेदनाचा बोध होतो. इथे सगळी मंडळी मिळून बोलते आहे. मराठी बायबलात यासाठी अस्सल प्रयोग आहे : 1 योहान 1:9 मध्ये पापं 'पदरी घेतली' असं म्हटलंय. प्रार्थनेच्या आमंत्रणात 'आपण आपली पापे पदरी घेऊ या' असं लिहा. यापेक्षा मराठी काही सापडणार नाही.

प्रतिसाद

प्रयोग सुंदर आहे यात वाद नाही, पण मोठ्यानं म्हणायच्या पत्रकात तो धोक्याचा आहे. रोजच्या मराठीत 'कशाला उगाच पाप पदरी घेता' याचा अर्थ 'कशाला पाप करता' असा होतो. बायबलच्या भाषेवर वाढलेला माणूस बरोबर समजेल. पहिल्यांदाच येऊन बसलेला माणूस मात्र गोंधळेल, की ही सगळी मंडळी पाप करायला का निघालीत? उपासनेत नवा माणूस असणारच, पत्रक छापायचं ते मुख्यतः त्याच्यासाठीच. म्हणून शीर्षक 'पापांगीकार' आणि वाक्यात 'आपल्या पापांचा अंगीकार करू या'. अंगीकार म्हणजे हे माझं आहे असं स्वतः म्हणणं. पदराचा अर्थ त्यात शिल्लक राहतो आणि घोटाळा टळतो.

लेंटबद्दल आधी लिहिलेल्याचा दुसरा प्रतिसाद

'पापांगीकार'ला माझं पूर्ण अनुमोदन. त्याच्या लगेच नंतरचा शब्द तितकाच महत्त्वाचा आहे, त्याबद्दल लिहितो.

प्रेस्बिटेरियन उपासनेत पाळक पाप माफ करत नाही. क्षमा देवानं केलेली आहे. पाळक शास्त्रातलं वचन वाचून ती मंडळीला ऐकवतो. अनेक मंडळ्यांत हा भाग बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ उभं राहून होतो, पाणी दिसावं, बाप्तिस्म्यातला करार आठवावा म्हणून. तेव्हा 'पापमोचन', 'क्षमादान' हे शब्द नकोत, त्यांत कर्ता पाळक वाटतो. 'क्षमेचे आश्वासन' अर्थानं जवळ आहे, पण वर्तमानपत्रांनी 'आश्वासन' शब्दातला भरवसा पार काढून घेतलाय. निवडणुकीत दिलं जातं ते आश्वासन.

मी 'क्षमेची ग्वाही' सुचवतो. ग्वाही म्हणजे साक्ष, आणि ठामपणे दिलेला भरवसाही. साक्षीदार घटना घडवत नाही, घडलेली सांगतो. त्या क्षणी पाळकाची जागा नेमकी हीच असते. शिवाय 'मी ग्वाही देतो' हे वाक्य माणूस मान वर करून म्हणतो, आणि लेंटमधल्या उपासनेत मान वर व्हायची जागा तीच आहे. पत्रकात हे शीर्षक पापांगीकाराइतक्याच मोठ्या अक्षरात छापा. लेंट आहे म्हणून अंगीकार लांबवायचा आणि ग्वाही एका ओळीत उरकायची, असं होता कामा नये.

मूळ प्रश्न विचारणारी

'ग्वाही' घेतला! आता 'पश्चात्ताप'चं सांगा. नुसतं मागाहून जळत बसणं असा अर्थ होतो ना?

प्रतिसाद

व्युत्पत्तीनं तसंच आहे, पश्चात् आणि ताप. ग्रीक 'मेटानोइया'त मन पालटणं आहे, हिब्रू 'शूब'मध्ये तर सरळ मागं वळणं, वाट बदलणं. मराठी वाचकाला 'पश्चात्ताप करा' हे शुभवर्तमानातलं वाक्य इतकं ओळखीचं आहे की शब्द बदलला तर वाचन परकं वाटेल. शास्त्रपाठात हात लावू नका. प्रार्थना तुमच्या हातात आहेत, तिथे क्रियापदं जोडा : 'आम्हांला मागे फिरव', 'आमची वाट वळव'. उधळ्या पुत्राची (घर सोडून पैसा उडवून परत आलेल्या मुलाची) गोष्ट ज्या वर्षी लेंटमध्ये वाचतात त्या वर्षी तर 'फिरणे' हेच क्रियापद शोभेल. तो मुलगा उकिरड्यावर जळत बसला नाही, उठून बापाकडे निघाला.

मूळ प्रश्न विचारणारी

'ज्या वर्षी' म्हणजे? दरवर्षी नसते का ती?

प्रतिसाद

नाही. 1992 च्या सुधारित सामाईक पाठमालेत, म्हणजे कोणत्या रविवारी बायबलमधला कोणता पाठ वाचायचा याच्या यादीत, तीन वर्षांचं चक्र आहे. उधळा पुत्र तिसऱ्या वर्षी, चौथ्या रविवारी. पहिल्या वर्षीची लेंटमधली माळ मला सर्वांत भरीव वाटते : ख्रिस्ताच्या मोहाची परीक्षा झाली की पुढे योहानाच्या शुभवर्तमानातून ओळीनं निकदेम, विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि लाजर. पुन्हा जन्म, पाणी, दृष्टी, मरणातून उठणं. प्राचीन मंडळीत पुनरुत्थानाच्या वेळी बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी या काळात चाले, तिचा ठसा या निवडीवर आहे. 'उपवासकाळ' म्हटलं असतं तर यातलं काहीच ऐकू आलं नसतं. 'पाठमाला' हा शब्दही वापरून टाका, चांगला आहे.

मूळ प्रश्न विचारणारी

आता किरकोळ. 'एल्डर'ला 'वडील' लिहिलं तर 'वडील प्रार्थना करतील' हे कोणाचे वडील असं वाटतंय.

प्रतिसाद

'मंडळीचे वडील' लिहा, बस. शब्द सोडू नका. प्रेस्बिटेरियन हे नावच ग्रीक 'प्रेस्बुतेरॉस' म्हणजे वडील यावरून पडलंय, आणि बायबलमधल्या तीताच्या पत्रातही मराठीत 'वडील'च आहे. 'ज्येष्ठ सदस्य' केलंत तर वयाचा हिशेब सुरू होईल. तिशीतली बाईही मंडळीची वडील असू शकते. हो, स्त्रीसाठीही 'वडील'च, वेगळं रूप करायला जाऊ नका.

मूळ प्रश्न विचारणारी

शेवटचा. मूळ पत्रकात एका गीताखाली टीप आहे की लेंटमध्ये 'हालेलुया' गाळावा. पण त्या रविवारच्या स्तोत्रात 'परमेशाचे स्तवन करा' असं येतं. तोच तर अर्थ झाला. तेही गाळायचं का?

प्रतिसाद

गाळू नका. हालेलुया न गाणं हा सुराचा संयम आहे, पुनरुत्थानाच्या सकाळी तो आरोळीसारखा परत यावा म्हणून. तो नियम गीतांपुरता असतो, शास्त्रपाठाला लागू होत नाही. आणि बऱ्याच प्रेस्बिटेरियन मंडळ्या तो पाळतही नाहीत. टीप भाषांतरात ठेवा, पण 'गाळावा' ऐवजी 'या काळात गात नाहीत' असं लिहा. स्तोत्र आहे तसं पूर्ण छापा. ते म्हणताना मंडळी 'परमेशाचे स्तवन करा' म्हणेल तेव्हा तो रविवारच असेल.