हस्तिदंती बुद्धिबळाचा संच विकायचाय, किती येतील?

मंगळवारपेठ: घरात पणजोबांपासूनचा हस्तिदंती संच आहे. अर्धी मोहरी पांढरी, अर्धी लाल, हत्तीवर अंबारी कोरलेली. एक लाल प्यादं हरवलंय. गुजरीत एका सराफाला दाखवला, तो म्हणाला आमचं काम नव्हे. वाटण्या चालू आहेत, बहिणीला तिचा वाटा द्यायचाय. किती मागावेत? मुंबईला न्यावा का? लवकर सांगा.

रंकाळाकाठ: फोटो टाका की. हस्तिदंतच आहे असं कुणी सांगितलं?

मंगळवारपेठ: घरात सगळे तेच म्हणतात. राजा चार बोटं उंच आहे. किंमत सांगा फक्त.

जुनाबाजार: सुई लाल तापवून तळाला टोचा. वितळलं तर प्लास्टिक, नाही तर हस्तिदंत. मी मामांच्या काठीची मूठ अशीच तपासली.

भिंगवाला: असलं काही करू नका! हाडही वितळत नाही, मग कळणार काय? उलट डाग कायमचा राहील. तळाचं कापड सुटलं असेल तिथं भिंगातून बघा. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. हाडात काळपट ठिपके दिसतात, रक्तवाहिन्यांच्या जागा त्या.

जुनाबाजार: वीस वर्षं जुन्या वस्तू घेतोय. तळाचा डाग कोण बघतंय?

घोडाअडीच: प्याद्यांच्या हातात बंदुका आहेत का? मुर्शिदाबादकडं कंपनी सरकारच्या काळात तसे संच घडवायचे. आमचे आजोबा देशी नियमानं खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, किल्लेकोट नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळासाठी आयुष्य घातलं, त्यांच्याबद्दल नवीन पोरांना सांगायला हवं.

वहिनीसाहेब: पेटी लाकडी असेल तर वाळवी बघा आधी. कापूर ठेवा.

सातबारा: किमतीचं सोडा. हस्तिदंत असेल तर विकताच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 1986 ला भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, 1991 ला आफ्रिकेतून आलेल्याचाही. शंभर वर्षं जुना असला तरी सूट नाही. मालकीचं प्रमाणपत्र असलं तरी फक्त ठेवता येतं, विकलं तर 3 ते 7 वर्षं कैद. प्रमाणपत्र आहे का? संच तुमच्याकडं कधी आला?

मंगळवारपेठ: कसलं प्रमाणपत्र? बाबा गेले, त्यांच्या ट्रंकेत होता. ऐंशी दिवस झाले.

सातबारा: दादा, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. वारशानं मिळाल्यापासून 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडं माहिती द्यावी लागते. ते नागपूरला बसतात, पण आपल्या इथल्या वनखात्यात आधी विचारा. ट्रंकेत जुना कागद आहे का, तेही बघा.

जुनाबाजार: हे मला ठाऊक नव्हतं. सुई राहू द्या. कुणी घ्यायला आलं तरी संच दाखवू नका.

मंगळवारपेठ: आत्ता भिंगातून बघितलं. पांढऱ्या राजाच्या तळाला जाळी स्पष्ट दिसतेय. पण दोन लाल प्याद्यांत ठिपके आहेत, रेघा नाहीत. ती दोन हाडाची?

भिंगवाला: हाडाचीच. पूर्वी हरवलेली कुणीतरी करून घेतली असणार, रंगही थोडा वेगळा असेल बघा. पण अर्जात सगळी मोहरी लिहा.

मंगळवारपेठ: हो, त्यांचा लाल फिका आहे. ट्रंकेत कागद नाही. बहिणीशी बोललो, तिचा वाटा दुसरीकडून देतो. उद्या सकाळी वनखात्यात जातोय. पेटी न्यायची का?

सातबारा: नको, घरी कुलपात ठेवा. फोटो, मोहऱ्यांची संख्या आणि बाबांचा मृत्यूचा दाखला न्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.