टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड काढून पाच दिवस झाले, आता उलट जास्त दुखतंय

डिचोलीची_आई
मुलगा सहा वर्षांचा. घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, म्हणून सोमवारी घशातले टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडिनॉइड, दोन्ही काढले. तिसऱ्या दिवशी हा अंगणात मांजराच्या मागे धावत होता, मला वाटलं सुटलो. आज सकाळपासून थुंकीही गिळत नाही, कान धरून रडतो. बॅटरी मारून पाहिलं तर घशात दोन्ही बाजूंना पांढरट-पिवळे चट्टे, आणि तोंडाला असा वास की जवळ घेववत नाही. सासूबाई म्हणतात, पू झाला, कानात उतरला. त्यांनी हळदीचा कढत काढा केलाय. मी तो ओट्यावर इकडून तिकडे सरकवतेय. हॉस्पिटलच्या कागदावर 'मऊ, थंड आहार' एवढंच लिहिलंय, आणि आज शनिवार. ताप ९९. औषध दुखलं की देते. सोलकढी चालेल का? तेवढी एकच तो मागतोय.

म्हापशाची_वहिनी
ताई, पू नव्हे, खपली आहे ती. गुडघ्यावर धरते तशीच, फक्त घशात ओली राहते म्हणून पांढरी दिसते. वासही तिचाच. आमच्या पोरीच्या वेळी मीही रडले होते. कान बहुतेक ठीक असेल, घशाची आणि कानाची एक नस सामाईक असते, म्हणून घसा दुखला की कानात कळ जाते. पाचवा-सहावा दिवस सगळ्यात वाईट, हे आम्हालाही आधी कुणी सांगितलं नव्हतं.

'दुखलं की देते' तिथंच चुकतंय. दुखायला लागल्यावर पोर तोंडच उघडत नाही, मग औषध जाणार कसं? डॉक्टरांनी वजनावर जो डोस आणि जितके तास सांगितलेत, तसं घड्याळ लावून द्या, रात्रीही उठवून. आणि अर्ध्या तासाने, औषध चढल्यावर, पेज. निवलेली, पातळ, मीठ बेताचं. नाचणीचं सत्त्व, शहाळ्याचं पाणी चालतं. आम्ही सिरिंजने गालात घालायचो, दर दहा मिनिटांनी थोडं थोडं. लघवी दिवसातून दोन-तीनदाच होत असेल तर पाणी कमी पडतंय, डॉक्टरांना फोन करा.

सोलकढी नको. कोकमाचा आंबटपणा झोंबतो. शिवाय गुलाबी काही प्यायला आणि ओकला, तर रक्त की कोकम हे रात्री दोन वाजता ओळखता येत नाही. (अनुभव आहे.)

फोंडेकर_२९
मी मोठेपणी काढले, मोठ्यांना जास्त दुखतं म्हणे, मला खरं वाटतं. आठव्या रात्री खपली सुटली आणि तोंडात गरम, खारट काही आलं. १०८ बोलावून बांबोळीला, सरकारी हॉस्पिटलात गेलो. टाका पडला नाही, पण रात्र तिथेच काढली. खपल्या साधारण पाच ते दहा दिवसांत सुटतात, तेवढे दिवस लांब कुठे जाऊ नका. मूल झोपेत सारखं गिळत असेल तर उठवून तोंड बघा. लाल ताजं रक्त दिसलं, कितीही थोडं, तर थेट कॅज्युअल्टी, ओपीडी उघडायची वाट बघायची नाही. ताप १०१-१०२ च्या वर गेला तरी दाखवा. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. पोईची (पावाची) कड, फरसाण, तळलेली मासळी दोन आठवडे बंद. आणि तो काढा सासूबाईंनाच द्या.

डिचोलीची_आई
सगळ्यांचे आभार. काढा मोरीत ओतला, सासूबाई देवळात असताना. रात्री दोनला उठवून डोस दिला, चावला मला, पण गिळलं. सकाळी स्वतःहून अर्धी वाटी पेज. रक्त नाही. फक्त बोलतोय नाकातून, आणि पाणी पिताना एकदा नाकातून बाहेर आलं. त्याचं काय?

म्हापशाची_वहिनी
अ‍ॅडिनॉइडची जागा मोकळी झाली ना, टाळूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. आमची महिनाभर बदकासारखी बोलत होती. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना सांगा मात्र.

डिचोलीची_आई
बदक! आत्ता सुंगटांची (कोळंबीची) करी मागतोय, त्याच आवाजात.