घरातल्या व्यवसायाचा त्रास शेजाऱ्याने किती सोसावा?

मूळ मत

आमच्या वरच्या मजल्यावरील कुटुंबाने घरातच शिवणकामाचा व्यवसाय सुरू केला आहे. आधी एकच यंत्र होते. आता एका खोलीत ओळीने यंत्रे मांडली आहेत, मदतनीस येतात आणि कापडाचे गठ्ठे दिवसदिवस जिन्यात पडून असतात. घरातून व्यवसाय करण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. शिकवणी, लेखा, भाषांतर, कलाकुसर असे कितीतरी उद्योग घरात चालतात आणि शेजाऱ्यांना त्यांचा पत्ताही लागत नाही. आमच्याकडे मात्र यंत्रे चालू असताना पलंगाच्या लोखंडी दांडीवर हात ठेवला, तर तिची थरथर तळहाताला जाणवते. माझी वृद्ध आई त्याच पलंगावर दुपारी झोपण्याचा प्रयत्न करते. सलग आवाजाची सवय तरी होऊ शकते; काही क्षण घरघर, मग शांतता, पुन्हा घरघर, अशा आवाजाची सवय होत नाही, कारण शांततेतही कान पुढच्या धक्क्याची वाट पाहत राहतात.

मी त्यांच्याशी तोंडी बोललो, तेव्हा ‘आमचे पोट यावरच आहे’ असे उत्तर मिळाले. ते खरेही आहे. तरीही माझे मत असे की, ज्याला व्यवसायाचे उत्पन्न मिळते, त्यानेच त्याचा उपद्रव आपल्या चार भिंतींच्या आत ठेवण्याचा खर्चही उचलला पाहिजे. तो खर्च माझ्या आईच्या झोपेतून वसूल होत असेल, तर तक्रार करण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. यावर आपली मते मांडावीत.

प्रतिसाद १

मी याच्याशी सहमत नाही. घरातून व्यवसाय करणारी बहुतेक माणसे हौसेने तसे करत नाहीत. लहान मुले, आजारी माणसे, गाळ्याचे न परवडणारे भाडे, यांपैकी काहीतरी त्यांना घराला बांधून ठेवते. वरच्या मजल्यावर मुले धावतात, फर्निचर सरकते, पाहुणे मोठ्याने बोलतात. हे सर्व आपण निमूटपणे सोसतो. मग आवाज कमाईचा आहे एवढ्याच कारणाने तो अचानक असह्य का व्हावा?

शिवाय ‘उपद्रव करणारा’ आणि ‘उपद्रव सोसणारा’ अशी सरळ विभागणी करता येत नाही. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० मध्ये हाच मुद्दा मांडला होता: शेजाऱ्यांमधील असा प्रश्न दुहेरी असतो. यंत्रे चालली तर खालच्याचे नुकसान होते, यंत्रे थांबवली तर वरच्याचे होते. तेव्हा कोणाचे नुकसान टाळणे अधिक गरजेचे आहे आणि दोघांत तडजोड कशी होईल, हा खरा प्रश्न आहे. दुपारची झोप आणि एका घराचे उत्पन्न यांची तुलना केली, तर माझा कौल उत्पन्नाकडे जातो.

प्रतिसाद २

कोस यांचा दाखला दिलाच आहे, तर त्यांनी चर्चिलेला खटलाही पाहावा. लंडनमध्ये एक मिठाईवाला आणि एक डॉक्टर शेजारी राहत होते. मिठाईवाल्याचे खलबत्ते वीस वर्षांहून अधिक काळ एकाच जागी चालत होते. डॉक्टरांनी आपल्या आवाराच्या टोकाला, नेमकी त्याच भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली, आणि खलबत्त्यांच्या आवाजामुळे व हादऱ्यांमुळे रुग्णांची छाती तपासणे अवघड होऊन बसले. १८७९ मध्ये अपील न्यायालयाने डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. ‘आम्ही आधीपासून येथे आहोत’ हा मिठाईवाल्याचा बचाव टिकला नाही. येथे तर व्यवसायच नंतर आला आहे.

कोस यांच्या मांडणीत आणखी एक अट आहे, जी आपण सोडून दिलीत. बोलणी करण्याचा खर्च नगण्य असेल, तरच अशी तडजोड सहज घडते. जिन्यात रोज समोरासमोर येणाऱ्या दोन कुटुंबांसाठी तो खर्च मुळीच नगण्य नसतो. एकदा शब्दाला शब्द लागला की वर्षानुवर्षांचा संबंध तुटतो, आणि या भीतीपोटी बहुतेक माणसे बोलणेच टाळतात.

मुलांच्या धावण्याशी केलेली तुलनाही मला पटत नाही. मूल थकते, मोठे होते. व्यवसाय वाढला की यंत्रांची संख्या आणि कामाचे तास दोन्ही वाढत जातात. मूळ मतातील एका यंत्राची खोलीभर यंत्रे झालीच आहेत.

प्रतिसाद ३

मी स्वतः शिवणकामाच्या व्यवसायात आहे, म्हणून तत्त्वाऐवजी यंत्राविषयी लिहितो. आपल्या वर्णनावरून ती औद्योगिक यंत्रे असावीत. जुन्या औद्योगिक यंत्रांना क्लच मोटर असते. ती बटण दाबल्यापासून अखंड फिरत राहते, मग शिलाई चालू असो वा नसो. पायपट्टी दाबल्यावर फक्त क्लच जोडला जातो आणि सुई चालते. म्हणजे कारागीर कापड जुळवत बसला असतानाही मोटरीची घरघर चालूच राहते. सर्वो मोटर मात्र पायपट्टी दाबल्यावरच फिरते आणि पुष्कळ शांत असते. वीजही कमी खाते, त्यामुळे बदलण्याचा खर्च काही प्रमाणात मालकाकडेच परत येतो.

दुसरा भाग जमिनीचा. टेबलाचे लोखंडी पाय थेट लादीवर असतील, तर कंप लादीतून स्लॅबमध्ये आणि तेथून खालच्या भिंतींत उतरतो. अशा वेळी दारे-खिडक्या बंद करून उपयोग होत नाही, कारण तो हवेतून येतच नसतो. प्रत्येक पायाखाली जाड रबरी गाद्या ठेवाव्यात, टेबले भिंतीपासून दूर घ्यावीत आणि जमल्यास ती खोलीच्या मध्यभागाऐवजी तुळईच्या जवळ आणावीत, कारण स्लॅब मध्यभागी अधिक हलतो. केवळ ‘आवाज कमी करा’ असे सांगितल्यावर माणूस काय करणार? नेमके काय बदलायचे, हे त्याच्यासमोर ठेवावे.

प्रतिसाद १चे पुढील मत

वरील माहिती अत्यंत उपयुक्त आहे, आणि माझ्या म्हणण्याला बळही देते. छत आणि जमीन एकच आहे. ती पातळ बांधली हा दोष वरच्या कुटुंबाचा नाही. मग रबरी गाद्यांचा आणि मोटरींचा खर्च दोघांनी वाटून घेण्यात अन्याय कसा?

तक्रारीविषयी एक गंभीर इशारा द्यावासा वाटतो. तक्रार एकदा अधिकाऱ्यांकडे गेली की तिचा शेवट तक्रारदाराच्या हाती राहत नाही. आपल्याला दुपारचे दोन तास शांतता हवी असते. परवाना, वीजजोडणी, जागेचा वापर अशा चौकश्या सुरू होऊन व्यवसायच बंद पडू शकतो. त्या मदतनिसांचेही काम जाईल. एवढी किंमत आपल्याला अभिप्रेत आहे का, याचा विचार आधी व्हावा.

प्रतिसाद ४

जिन्यातील गठ्ठ्यांकडे कोणीच लक्ष दिलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. आवाजाबाबत तडजोड होऊ शकते, जिन्याबाबत होऊ शकत नाही. आग लागली तर तीच बाहेर पडण्याची वाट असते, आणि कापड हे जळणारेच साहित्य आहे. ही मागणी आजच, वेगळी आणि लेखी करावी.

आवाजाची नोंद ठेवताना मोबाईलवरील मापकावर फार विसंबू नये. डेसिबेलचे प्रमाण गुणाकाराचे असते: दहा डेसिबेलची वाढ म्हणजे दहापट ध्वनिऊर्जा, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. शिवाय मोजमापाच्या प्रचलित पद्धतीत खालच्या पट्टीतील घरघरीला कमी वजन दिले जाते, म्हणून आकडा लहान दिसतो आणि त्रास मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये शयनकक्षातील सलग आवाजासाठी ३० डेसिबेलची मर्यादा सुचवली होती आणि मधूनच होणाऱ्या आवाजांचा वेगळा विचार केला होता. म्हणून वेळ, कालावधी आणि परिणाम यांची साधी वही अधिक कामाची ठरेल. ‘दुपारी अडीच ते सव्वातीन, आई दोनदा उठली’ अशी नोंद ‘सतत त्रास होतो’ या वाक्यापेक्षा कोणालाही लवकर समजते.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

व्यवसाय बंद पाडणे हा माझा हेतू कधीच नव्हता, आणि तक्रारीच्या परिणामांविषयी दिलेला इशारा मी मनावर घेतला आहे. जिन्याविषयीचे पत्र उद्याच देतो. दुसरे पत्र आवाजाचे असेल. त्यात पायांखाली रबरी गाद्या, टेबलांची जागा बदलणे, दुपारी एक ते तीन विश्रांती आणि रात्री आठनंतर यंत्रे बंद, एवढ्याच मागण्या असतील. त्यासाठी एक महिन्याची मुदत देईन. तोपर्यंत अर्ज करणार नाही. मुदतीनंतर मात्र इमारतीच्या समितीकडे वही घेऊन जाईन.

खर्च वाटून घेण्याच्या मुद्द्यावर मात्र माझे मत बदललेले नाही. स्लॅब पातळ आहे हे मान्य, पण तो घरगुती वावरासाठी बांधला होता आणि तेवढ्यासाठी तो पुरेसा होता. यंत्रे बसवण्याचा निर्णय एकट्या वरच्या कुटुंबाने घेतला, आम्हाला विचारले नाही. गाद्या लगेच बसणार असतील, तर पहिल्या संचाचे पैसे मी आनंदाने देईन, कारण मला आईची झोप हवी आहे. पण ते मी स्वेच्छेने देत आहे. उद्या यंत्रे वाढली, तर माझा वाटा आपोआप वाढेल असे कोणी धरून चालू नये.

प्रतिसाद १चे शेवटचे मत

गाद्यांचे पैसे देण्याची तयारी असेल, तर ती पत्राच्या पहिल्याच वाक्यात लिहावी. मागण्यांनंतर लिहिली, तर ती वाचलीच जाणार नाही. दुपारच्या वेळेविषयी मी अजूनही असहमत आहे: मुले शाळेत असताना सलग काम करण्याची तीच वेळ असते. ‘एक ते तीन’ असे ठरवून टाकण्याऐवजी कोणते दोन तास जमतील, हे त्यांनाच विचारावे.