'कस्टमर-ओनर'ला मराठीत काय म्हणाल?

झिरोमाईल: गडचिरोली-चंद्रपूरच्या कार्यकर्त्यांसाठी एका प्रशिक्षण पुस्तिकेचा अनुवाद करतोय. त्यात अलास्कातल्या अँकरेजच्या साउथसेंट्रल फाउंडेशनवर एक प्रकरण आहे. १९८२ पासूनची आरोग्यसंस्था, तिथल्या आदिवासींच्या मालकीची, संचालक मंडळही त्यांचंच. तिथे पेशंटला पेशंट म्हणत नाहीत, 'कस्टमर-ओनर' म्हणतात. उपचार घेणारा तोच आणि दवाखाना ज्याचा तोही तोच. मी 'लाभार्थी' लिहिलं, संपादकताईंनी खोडलं. 'ग्राहक-मालक' म्हटलं तर किराणा दुकान वाटतं. सुचवा.

शब्दवेडी_धरमपेठ: खोडलं ते बरं झालं. लाभार्थी म्हटलं की यादी आली, यादी आली की आधार जोडणी आली, अन् यादीत नाव नसलं की साहेबाकडे चकरा. 'हक्कदार' घ्या.

सावनेरचा_मास्तर: हक्कदार म्हणजे ज्याला मिळायचं आहे तो. देणारा कुठे आला त्यात? 'स्वामिभोक्ता' असा सामासिक शब्द करावा. अर्थ नेमका बसतो.

बर्डीवाला: मास्तर, कोरचीच्या आशाताईले हा शब्द तुमीच सांगून या. रजिस्टर बंद करन अन् घरी जाईन थे.

सावनेरचा_मास्तर: 'महापौर' हाही घडवलेलाच शब्द. आज कोणाचं अडतं का?

आरमोरीकर: काहीही घ्या, 'मालक' नको. आमच्याकडे मालक म्हणजे मालगुजार, गावचा जमीनदार. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, पण आमची आजी शेवटपर्यंत त्या वाड्यासमोरून जाताना चप्पल हातात घ्यायची. आता तोच शब्द लावून तिच्या नातीला सांगायचं, बाई, तू मालक?

बर्डीवाला: अन् दुसरा अर्थ? 'मालक वावरात गेले' म्हणजे नवरा. पुस्तिका वाचून बाई विचारन, नवऱ्यालेच आणू का दवाखान्यात?

शब्दवेडी_धरमपेठ: 😄 मालगुजारीवरून आठवलं, भंडाऱ्याचे मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. माझी लेक अजून म्हणते, कोणत्या मामाचा?

झिरोमाईल: विषयावर या ना बाप्पा.

कोयतूर_७५०: मी गोंड, घरी गोंडी बोलतो, नोकरी नागपुरात. शब्दाआधी एक गोष्ट. लोकांना विचारून केलेलं काम वेगळं, लोकांनी स्वतः चालवलेलं वेगळं. गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याच्या शोधग्रामचा दवाखाना आदिवासींनी सांगितलं म्हणून झोपड्यांसारखा बांधला, नावही दंतेश्वरी मातेचं दिलं. चांगलंच काम आहे, पण ते विचारून केलेलं. सिडनीच्या रेडफर्नमध्ये १९७१ मध्ये तिथल्या मूळनिवासींनी स्वतःचा दवाखाना उघडला, ते चालवलेलं. मराठीत दोन्हीला 'लोकसहभाग' म्हणून मोकळे होता तुम्ही. सहभाग म्हणजे काम दुसऱ्याचं, आम्ही फक्त सतरंजीवर. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावचे गोंड लोक काय म्हणाले? 'आमच्या गावात आम्हीच सरकार.' ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने, अन् २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. 'सरकार'च लिहा की!

सावनेरचा_मास्तर: सरकार फारसी आहे.

बर्डीवाला: मालक अरबी, दवाखाना अर्धा अरबी अर्धा फारसी. पुस्तिकाच रद्द करा मंग.

शब्दवेडी_धरमपेठ: घोषणा म्हणून झकास. पण 'सरकारांनी रक्त तपासून घ्यावे' असं वाक्य होईल हो भाऊ. अनुवादकाला पानभर वाक्यं लिहायची असतात.

कोयतूर_७५०: मग 'सगाजन' लिहा. आमच्या पत्रिकांवर 'समस्त सगाजनांना जय सेवा' असतंच. 'सेवा' त्यात आली, कोणी कोणावर उपकार केल्याचा वास नाही.

आरमोरीकर: पण सगा म्हणजे रक्ताचा. पुस्तिका कोलाम वाचणार, हलबा वाचणार. त्यांना आपलं वाटेल का?

कोयतूर_७५०: तुमचा सगा रक्ताचा. आमच्यात सगा म्हणजे किती देव पुजतो त्यावरून पडलेले कुळांचे गट: चार देवे, पाच देवे, सहा, सात. सहा देवेवाल्याची सोयरीक सहा देवेवाल्यात होत नाही. वाटेल तो अर्थ लावू नका.

सावनेरचा_मास्तर: मूळ शब्द संस्कृत 'स्वक'. प्राकृतातून मराठीत, मराठीतून गोंडीत.

कोयतूर_७५०: उलटं का नाही? आमच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ मध्ये नागपूर वसवलं. भोसले नंतर आले.

सावनेरचा_मास्तर: मराठी काय भोसल्यांच्या घोड्यावर बसून आली? रिद्धपूर विदर्भातच आहे. महानुभावांचं गद्य तेराव्या शतकातलं.

शब्दवेडी_धरमपेठ: रिद्धपूरला आता मराठी विद्यापीठही झालंय.

कोयतूर_७५०: गोंडी शिकवतात का तिथे?

बर्डीवाला: शिकवत असन तर माह्यं नाव टाका. शेजारी तीस वर्षं गोंडीत भांडते, एक अक्षर समजत नाही.