अर्थशास्त्र + राज्यशास्त्र एकत्र शिकलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

निफाडकर
काल लेकीचा एफवायचा फॉर्म भरत होतो. मेजर अर्थशास्त्र, मायनर राज्यशास्त्र. ती सहज म्हणाली, "बाबा, तुमच्या वेळी असं होतं का?" मी उत्तर द्यायच्या ऐवजी माळ्यावर चढलो आणि माझी कॉलेजची वही शोधून काढली. २०० पानी. सरळ धरली की अर्थशास्त्र, उलटी करून मागून उघडली की राज्यशास्त्र. एका वहीत दोन विषय बसवले की एका वहीचे पैसे वाचायचे.

नाशिकची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली. तिथे स्पेशल म्हणजे मुख्य विषय आणि जनरल म्हणजे जोडविषय असायचा. माझं स्पेशल इकॉनॉमिक्स, जनरल पॉलिटिक्स. १९९८ ला मी एसवायला. कांदा कडाडला होता ते वर्ष. सरांनी फळ्यावर जवळजवळ उभी रेष काढली, अलवचिक मागणी. भाव कितीही चढू दे, माणूस कांदा घेणं फारसं कमी करत नाही. मॅडम पलीकडच्या वर्गात दिल्ली विधानसभेची निवडणूक समजावत होत्या. नोव्हेंबरात तिथलं सरकार हरलं, त्यात कांद्याचा वाटा मोठा होता. शनिवारी एसटीनं घरी आलो आणि वडिलांना दोन्ही एका दमात सांगितलं. ते गुरांना वैरण टाकत होते. ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् आपल्या चाळीत किती कांदा हाये?" कांदा साठवायची चाळ रिकामी होती. पावसानं माल गेला होता. भाव होता तेव्हा आमच्याकडे विकायला काही नव्हतं.

तेव्हापासून वहीच्या दोन्ही बाजूंना मी समासात तेच दोन प्रश्न लिहायला लागलो. हे कुणी ठरवलं? आणि पैसे कुणाच्या खिशातून गेले? आजही डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीसारखी बातमी आली की आधी हेच दोन आठवतात.

तुमचंही लिहा. कुठलं विद्यापीठ, कुठलं साल, काहीही चालेल.

ठाणे_लोकल
मुंबई विद्यापीठ, टीवाय, ३-३ पेपर. तीन इको, तीन पॉलिटिक्स. सहाच्या सहा एकाच विषयाचे घेणारे आम्हाला "अर्धे-अर्धे" म्हणायचे. एकदा आमच्या सरांनी ते ऐकलं आणि सगळा तास त्यावरच घेतला. म्हणाले, बाबासाहेबांकडे बघा. कोलंबियात प्रांतिक वित्तव्यवस्थेवर काम, लंडनला रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध, १९२३ मध्ये डीएस्सी, आणि मग राज्यघटना. केंद्र आणि राज्यांनी पैसा कसा वाटायचा यावर ज्यानं तरुणपणी इतका विचार केला तोच माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता. कलम २८०, वित्त आयोग, मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. उतरायचं स्टेशन आलं, बाकी नंतर.

मनमोकळी
मला दोन्ही हवे होते. वेळापत्रकात दोन्हींचे तास एकाच वेळी. ऑफिसात विचारलं तर "मुलींनी होम सायन्स घ्यावं" म्हणाले. कॉलेजचं नाव लिहीत नाही. आता ४१ व्या वर्षी मुक्त विद्यापीठातून बीए करतेय, यंदा दुसरं वर्ष. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत (एकच वस्तू घेत गेलं की पुढच्या नगाचं समाधान कमी होत जातं) पोळ्या लाटताना पाठ केलाय. मुलगा प्रश्न विचारतो, मी उत्तर देते. कुकर झाला, येते.

निफाडकर
ताई, वाचून छातीत कालवलं. पण लिहिलंत ते फार बरं केलंत. नोट्स लागल्या तर हक्कानं सांगा.

वऱ्हाडी_माणूस
अमरावती. आमच्याकडे या दोन विषयांना मिळून एकच शब्द आहे, अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट. दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल सरांनी अक्षरशः पान-पान करून शिकवला. राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचं, आणि तो खड्डा भरायला किती पैसे लागतील ते मांडायचं. एकूण आकडा ३,१८६ कोटी. वर्गात प्रत्येकाला एकेक जिल्हा दिला होता. माझ्याकडे बुलढाणा. सिंचनाचा रकाना भरताना हात थांबला होता माझा, कारण त्यातली एक कोरडी विहीर आमची होती.

मग दुसऱ्या तासाला राज्यघटनेचं कलम ३७१ (२), मागास भागांसाठीची विकास मंडळं, राज्यपालांची जबाबदारी. आकडा काढणं आणि तो आकडा मंजूर होऊन कालव्यात पाणी येणं यात किती अंतर असते ते दोन तासांच्या मधल्या दहा मिनिटांत समजलं आम्हाले. मी आजही या विषयावर कोणाशीही रात्रभर बोलू शकतो. खरंच बोलतो.

गोदाकाठ
@निफाडकर थोडं अवांतर, यंदा चाळीतला उन्हाळी कांदा टिकतोय का? आमच्याकडे खालचा थर पाणी सोडायला लागलाय.

निफाडकर
@गोदाकाठ खालून हवा खेळती आहे का बघा. आम्ही तळाला बांबू वर उचलून घेतले, तेव्हापासून सड कमी आहे. फोन करा संध्याकाळी.

जुना_विद्यार्थी
मुले लिहितात ते वाचतो आहे. आता माझे.

मी १९७२ च्या दुष्काळात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो, पुण्यात. विषय अर्थशास्त्र, पण राज्यशास्त्राच्या व्याख्यानांना परवानगी काढून बसायचो. वर्गात इंग्रज अर्थतज्ज्ञ केन्स चालू होता. मंदीत सरकारने खड्डे खणून घेतले तरी रोजगार वाढतो, अशा अर्थाची चर्चा. सुट्टीत घरी गेलो, तर आई गावाबाहेर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. तिच्या हाताला चिंध्या बांधल्या होत्या. मी तिच्याजवळ बसून हातोडा मागितला, तिने दिला नाही. "तू तुझं शीक" एवढंच म्हणाली.

परत आल्यावर मला तो धडा वेगळा दिसू लागला. काम मागेल त्याला काम, हे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरले होते. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाचा कायदा त्यानंतर फार वर्षांनी, २००५ मध्ये. आणि पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर. १९७५ चा कायदा. मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारपत्रकावर ती कपात पाहिली. शेजारचे सहकारी कुरकुरत होते. मी ते पत्रक घडी करून आईला पाठवले. तिला वाचता येत नव्हते, पोस्टमनने वाचून दाखवले.

पगारपत्रक
काका थांबा. दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात तो व्यवसाय कर म्हणजे हाच?? मी एचआरमध्ये आहे, अकरा वर्षं तो कापते. फेब्रुवारीत का जास्त असं लोक विचारतात, तर वर्षाचे २,५०० बसवायला एवढंच सांगते. हे माहीतच नव्हतं.

जुना_विद्यार्थी
हाच. कायदा मुळात रोजगार हमीसाठी आणला होता. आता पुढच्या वेळी कुणी विचारले तर हेही सांगा.

बर्मिंगहॅमकर
माझं शिक्षण नाही, लेकाचं. तो इथे पॉलिटिक्स आणि इकॉनॉमिक्स एकत्र करतोय. इथे ती जुनी वाट आहे, ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान जोडून तीन विषयांचा अभ्यासक्रम शंभर वर्षांपासून चालतो आणि बरेच पंतप्रधान तिथूनच आले. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारनं करकपातीचा छोटा अर्थसंकल्प आणला, पौंड कोसळला, गहाणकर्जाचे व्याजदर उसळले. आमची ठरावीक व्याजाची मुदत नेमकी तेव्हाच संपत होती. आम्ही दोघं स्वयंपाकघरात कॅल्क्युलेटर घेऊन बसलेलो, आणि हा तेव्हा बारावीच्या वयाचा, कागदावर बाण काढून सांगत होता की बाजार घाबरला कशाला आणि आता पक्षातले खासदार काय करतील. ऑक्टोबरात पंतप्रधान लिझ ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. त्या पंतप्रधानही त्याच ऑक्सफर्डच्या अभ्यासक्रमाच्या. लेकानं त्या आठवड्यात ठरवलं, हेच शिकायचं. हप्ता वाढला तो वाढलाच, पण तो कागद मी फ्रिजवर लावून ठेवलाय.

ठाणे_लोकल
परत आलो. पुण्याच्या गोखले संस्थेबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? १९३० पासून नावातच राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र. धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. त्यांनी प्रवरानगरच्या साखर कारखान्याचं अध्यक्षपद सांभाळलं, विठ्ठलराव विख्यांबरोबर. आणि पुढे नियोजन आयोगात राज्यांना मदत वाटायचं सूत्र. ६० टक्के लोकसंख्येवर, बाकी चाळीस चार भागांत दहा-दहा. एमएला तोंडपाठ होतं. ऊस, बँक, पंचवार्षिक योजना, सगळं एकाच माणसाच्या हाताखालून गेलेलं. असा अभ्यासक आपल्या मातीत होता याचा मला फार अभिमान वाटतो.

वऱ्हाडी_माणूस
त्या सूत्रात सिंचन आणि वीज प्रकल्पांना दहा टक्के होते हे विसरू नका दादा. 🙂

मनमोकळी
आले परत. जुना_विद्यार्थी काका, तुमचं वाचून रडले. माझी आजीसुद्धा बहात्तरच्या कामावर होती, बीड जिल्ह्यात. ती सुकडी म्हणायची, कामावर मिळायची ती. आम्हाला वाटायचं गोड खाऊ असेल. नेमकी कशी असायची हो?

जुना_विद्यार्थी
पिवळसर, भरड. गुळाची चव असायची. कामावरच्या माणसांना आणि त्यांच्या पोरांना मिळायची. आई तिचा वाटा खात नसे, पदरात बांधून धाकट्या बहिणीसाठी आणायची. रेशनला तेव्हा अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापताना तुटायची म्हणून बायका वैतागायच्या. सुकडीचा वास मात्र मला अजून येतो. आई गेली त्याला नऊ वर्षे झाली.

मनमोकळी
आजी पण अशीच बांधून आणायची. आईनं सांगितलंय. मी तिला आज रात्री फोन करून हे वाचून दाखवते.